पडद्याच्या अलीकडे एक माणूस द्या

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक, माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना,
आणि
मा. महासंचालक, सशस्त्र दल वैद्यकीय सेवा,
नवी दिल्ली

आदरणीय महोदय, महोदया,



"ॲप आहे की, घरबसल्या डॉक्टर मिळतो." हे वाक्य आम्ही माजी सैनिक आता जागोजागी ऐकतो. मेळाव्यात ऐकतो, कॅन्टीनच्या रांगेत ऐकतो, पेन्शनचे काम घेऊन गेलो तर तिथेही ऐकतो. सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या डोंगरात राहणाऱ्या, १९७१ ची लढाई पाहिलेल्या शिपायाला एवढे सांगून आपण मोकळे झालो, तर त्याच्या पदरात काहीच पडलेले नसते. त्याचा फोन बटणांचा असतो. घरातला मोठ्या पडद्याचा फोन मुलाकडे आणि मुलगा चाकणच्या कंपनीत. आजार मात्र म्हाताऱ्यापाशी गावातच राहिलेला असतो. या तिघांची गाठ कुठे घालून द्यायची, हे सांगणारे वाक्य अजून कुणी बोललेले नाही. म्हणून हे पत्र.

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. निवृत्तीनंतर पाथर्डी तालुक्यात राहतो. आमच्याकडे शिपाई असो की सुभेदार, फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला गाव 'मेजर'च म्हणते. असे आसपासचे मेजर आणि त्यांच्या घरच्या बाया कागद घेऊन माझ्याकडे येतात. कुणाला स्मार्ट कार्डाचा अर्ज भरायचा असतो, कुणाला रेफरलवर काय लिहिले आहे ते समजून घ्यायचे असते, कुणाला नुसतेच बी.पी. मोजून हवे असते. दूरसल्ल्याला माझा विरोध आहे असा समज कृपया करून घेऊ नये. या सोयीची ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे अशांत आमचा जिल्हा मोडतो, आणि ती सोय इथल्या माणसाच्या हाताला लागत नाही याचे दुःख आहे.

नगरला फौजेचे गाव म्हणतात ते खरेच आहे. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी बोलताना नगरच तोंडात येते. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथे आहे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर इथे आहे, वाहनांवर संशोधन करणारी डी.आर.डी.ओ.ची प्रयोगशाळा इथे आहे. भिंगारची छावणी आहे, मिलिटरी हॉस्पिटल आहे, माजी सैनिकांचे पॉलीक्लिनिक आहे. दिल्लीतून नकाशा पाहणाऱ्याला वाटावे, या जिल्ह्यातल्या माजी सैनिकाला दवाखान्याची काय ददात असणार?

पण हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. १७ हजार चौरस किलोमीटरहून जास्त पसारा, १४ तालुके. एका टोकाला कळसूबाईच्या पायथ्याचा अकोले, दुसऱ्या टोकाला बीड आणि धाराशिवला लागून असलेला जामखेड. अकोल्याहून नगर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे, आणि राजूर-भंडारदऱ्याकडचा माणूस आधी अकोल्यापर्यंत पोचला पाहिजे. जामखेडहून नगर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. विशेषज्ञाकडे पुण्याला पाठवले, तर नगरपासून आणखी एकशेवीस. साखर कारखाने सुरू झाले की या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, आणि अंधार पडल्यावर घरी परतणे नको वाटते.

राज्य सरकारने २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास मोफत केला, २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट केले. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाला पहाटे उठून, साखरेची गोळी घेऊन, वेळेवर काही न खाता दोन बसगाड्या बदलून जायचे आणि संध्याकाळी परतायचे, हे तिकिटाच्या पैशांचे दुखणे नाही. तो जातो कशासाठी? बहुतेक वेळा त्याच त्या बी.पी.च्या आणि साखरेच्या गोळ्या पुढच्या महिन्यासाठी घ्यायला. डॉक्टरांपुढे तो दोन-चार मिनिटे बसतो. त्यात डॉक्टरांचा दोष नाही, बाहेर रांग असते. एखादे औषध शिल्लक नसले तर ते बाहेरून घेण्याचा कागद, त्याचा हिशेब आणि पुन्हा एक फेरी. ही स्थिती कोणत्या एका पॉलीक्लिनिकची नाही. तिथली माणसे राबतात, हे मी जवळून पाहिले आहे. योजना आखताना रुग्ण चालत येईल असे धरून चालले, त्याचे हे फळ आहे.

माजी सैनिकांची ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. त्याआधी पेन्शनीत निघालेल्या सैनिकाला मिलिटरी हॉस्पिटलात जागा मिळाली तर मिळाली, असे दिवस होते. चारशेहून अधिक पॉलीक्लिनिके उभी राहिली, खासगी रुग्णालयांत पैसे न भरता उपचार मिळू लागले. हृदयाची आणि मूत्रपिंडाची मोठी दुखणी निभावलेली कितीतरी घरे मी या जिल्ह्यात दाखवू शकेन. त्या उपकाराची जाण ठेवूनच पुढचे लिहितो.

२७ मे २०२१ ला, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, संरक्षण मंत्र्यांच्या हस्ते 'सेहत' ही दूरसल्ल्याची सेवा सुरू झाली. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने ती बांधली. त्याआधी ऑगस्ट २०२० पासून चाचणी चालू होती, आणि त्या काळात लष्करी डॉक्टरांनी साडेसहा हजारांहून जास्त सल्ले दिले होते. दवाखान्याच्या दारात जाणेही धोक्याचे होते, तेव्हा लष्करी डॉक्टर पडद्यावरून सैनिकाच्या घरी पोचले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पॉलीक्लिनिकांच्या पातळीवर दूरसल्ला आणण्याची पावलेही त्यानंतर पडली. माझी तक्रार या कामाबद्दल नाही. ते जिथे थांबले आहे, त्याबद्दल आहे. आपण पडद्याच्या पलीकडे डॉक्टर बसवला. अलीकडे कोण बसणार, हे रुग्णाच्या नशिबावर सोडून दिले.

वास्तविक फौजेला हे शिकवायला नको. पुढच्या चौकीवर डॉक्टर नसतो. तिथे नर्सिंग असिस्टंट असतो. जवान आजारी पडला की तो त्याची नाडी बघतो, बी.पी. घेतो, ताप मोजतो, छातीला स्टेथोस्कोप लावतो, डोळ्यांची पापणी ओढून पाहतो, आणि मग टेलिफोनवर किंवा वायरलेसवर खाली बसलेल्या आर.एम.ओ. साहेबांना, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरांना, सांगतो. साहेब प्रश्न विचारतात, तो पुन्हा तपासून उत्तर देतो. साहेब औषध सांगतात, तो आपल्या पेटीतून काढून देतो. खाली उतरवायचे असेल तर तेही त्या बोलण्यातच ठरते. मी हे काम केले आहे. दूरसल्ला म्हणजे हेच. फक्त त्यात तारेच्या एका टोकाला डॉक्टर असे, तर दुसऱ्या टोकाला शिकलेला हात आणि औषधांची पेटी असे. रुग्णाच्याच हातात रिसीव्हर देऊन 'सांग काय होतंय' असे आम्ही कधी केले नाही.

पुढे तंत्र वाढले. २०१८ मध्ये इस्रो आणि एकात्मिक संरक्षण मुख्यालयाची वैद्यकीय शाखा यांच्यात करार झाला, आणि सियाचीनसारख्या उंच जागांचा विचार करून सैन्यदलांच्या आधीच असलेल्या २० टेलिमेडिसिन केंद्रांत आणखी ५३ केंद्रांची भर घालायचे ठरले. म्हणजे हिमनदीवरच्या जवानासाठी आपण उपग्रहाची वाट शोधली, आणि ते योग्यच केले. तोच जवान पंधरा-वीस वर्षांनी वर्दी उतरवून राजूरला, खर्ड्याला किंवा मिडसांगवीला परततो, तेव्हा त्याच्या वाट्याला एक दुवा आणि एक पासवर्ड येतो.

आता अडचणी सांगतो.

पहिली अडचण फोनची. सेवेत शिरायला मोबाईल क्रमांक हवा आणि त्यावर येणारा ओ.टी.पी. हवा. घरातला नोंदवलेला क्रमांक बहुधा मुलाचा असतो. पाथर्डी हा ऊसतोड कामगारांचा तालुका आहे. दसरा-दिवाळीनंतर कित्येक घरांतली कर्ती माणसे बिऱ्हाड घेऊन कारखान्याच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. फौजीचा एक मुलगा फौजेत, दुसरा रांजणगावला किंवा फडावर. इकडे आई फोनवर आकडा येण्याची वाट पाहणार, तिकडे तो आकडा मुलाच्या खिशात येऊन जाणार. त्याने तो वाचून परत फोन करीपर्यंत मुदत संपलेली असते. जिथे फोन आहे तिथे रेंज नाही, हे अकोल्याच्या पश्चिम भागातल्या लोकांनी मला किती वेळा सांगितले आहे. चेहरा गोठतो, आवाज तुटतो, आणि रुग्ण समजतो की आपल्याकडूनच काही चुकले.

दुसरी अडचण बायकांची आहे, आणि ती मला सर्वांत मोठी वाटते. मेजर फौजेत हिंदी शिकलेला असतो. देशभर फिरलेला असतो, डॉक्टर केरळचा असो की पंजाबचा, तो निभावून नेतो. त्याची बायको गावात राहिलेली असते. तिने शेती सांभाळली, सासू-सासरे सांभाळले, मुले वाढवली. तो गेल्यावर योजनेचे कार्ड तिच्या नावावर राहते आणि तिला बोलायचे असते मराठीत, तेही आमच्या भागातल्या मराठीत. ती फोनसमोर बसते तेव्हा फोन धरायला नातू असतो. अंगावरून जाते, लघवीला जळजळ होते, छातीत गाठ लागते, हे ती नातवासमोर काय सांगणार? 'गुडघे दुखतात' एवढे सांगून ती उठते. दूरसल्ल्यामुळे खरे तर पुण्यातली एखादी मराठी बोलणारी स्त्री डॉक्टर तिला भेटू शकली असती, जी एरवी तिला जन्मात भेटली नसती. दार बंद करता येणारी एक खोली आणि सोबत एक परिचारिका नाही, म्हणून ही संधी वाया जाते आहे. वीरपत्नींचे सत्कार आपण करतो, ते करावेतच. पण त्यांतल्या किती जणींची मागच्या वर्षी तपासणी झाली, हे मला कुणी सांगू शकलेले नाही.

तिसरी गोष्ट नगरच्या लोकांना लगेच कळेल. हे रणगाड्यांचे गाव. विजयंता, टी-५५, टी-७२ या गाड्यांवर उमेदीची वर्षे काढलेले लोक या भागात स्थायिक झाले आहेत. तोफखान्यातलेही पुष्कळ आहेत. पोलादी पेटीत बसून तोफेचा दणका आणि इंजिनाची घरघर सहन केलेल्या माणसाचे कान साठीनंतर कसे असतात, हे आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता. अशा माणसाला तुटक आवाजाच्या फोनवर डॉक्टर विचारतात, "या औषधाची ॲलर्जी आहे का?" तो म्हणतो, "हो, हो." "पूर्वी कधी छातीत दुखले होते का?" "हो, हो." त्याला ऐकूच आलेले नसते. पुन्हा विचारायची लाज वाटते.

आणि ज्याला नीट ऐकू येते, त्याच्याबद्दल आणखी एक सांगतो. पलीकडे पडद्यावर डॉक्टर म्हणजे त्याच्या दृष्टीने अधिकारी असतो. निवृत्त नायकही खुर्चीत ताठ होतो. "कैसे हो?" विचारले की "सब ठीक है साब" हे उत्तर त्याच्या तोंडून आपोआप येते, वीस वर्षे तेच दिलेले असते. खाली पायाला सूज असते, बोटांच्या बेचक्यात जखम असते, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नसते. हे कोण सांगणार? शेजारी उभा असलेला माणूस सांगेल. तो म्हणेल, "साहेब, जरा कॅमेरा पायाकडे नेतो." साखरेच्या रुग्णाचा पाय वाचतो किंवा जातो तो असल्या एका वाक्यावर. माझ्या ओळखीतल्या एका हवालदाराचे असेच झाले. कुठल्याशा दवाखान्याने फोनवरून त्याला महिनोन् महिने साखरेची गोळी चालू ठेवली. पाय बघितलाच गेला नाही, अंगठा काढावा लागला. डॉक्टरांनी विचारले नाही म्हणून मी त्यांना दोष देत नाही, त्याने सांगितले नाही म्हणून त्यालाही देत नाही. पाय दाखवणारे तिथे कुणी नव्हते.

चौथी अडचण औषधाची. सल्ला घरबसल्या मिळाला आणि गोळी आणायला पुन्हा नगरलाच जायचे, तर त्या म्हाताऱ्याची एकही फेरी वाचली नाही. दूरसल्ल्याची चिठ्ठी तालुक्याच्या गावी चालली पाहिजे, आणि महिन्याच्या ठरल्या दिवशी औषधे तिथपर्यंत आली पाहिजेत. रेफरलचेही तसेच. पडद्यावर डॉक्टरांनी हृदयाचा आलेख पाहिला आणि पुण्याला जा म्हटले, तर तो कागद तिथेच हातात पडावा. त्यासाठी उलट्या दिशेने नगरला जाऊन शिक्का आणायची वेळ कुणावर येऊ नये.

कायद्याची अडचण आहे असे म्हणता येणार नाही. टेलिमेडिसिनचे राष्ट्रीय मार्गदर्शक नियम २५ मार्च २०२० लाच आले. आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाचा तोच आजार असेल, तर सहा महिन्यांपर्यंत दूरसल्ल्याने पाठपुरावा करता येतो आणि चालू औषधे पुढे चालू ठेवता येतात. रुग्णाच्या बाजूने आरोग्यसेवकाने डॉक्टरांशी बोलावे, ही पद्धतही त्या नियमांत स्वतंत्रपणे मान्य केलेली आहे. काही गुंगीची औषधे दूरसल्ल्यावर लिहायला बंदी आहे, ती असावीच. अत्यवस्थ रुग्णाला प्रत्यक्ष उपचारांकडे पाठवा असेही नियम सांगतात. म्हणजे आम्ही जे मागतो आहोत, त्याला परवानगी कधीचीच मिळालेली आहे.

उदाहरणही घरातच आहे. 'सेहत' ज्या सी-डॅकने बांधली, तिनेच आरोग्य मंत्रालयासाठी 'ई-संजीवनी' बांधली. तिचे दोन भाग आहेत. एकात रुग्ण स्वतःच्या फोनवरून डॉक्टर गाठतो. दुसऱ्यात गावच्या आरोग्य केंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून, तपासून, वरच्या डॉक्टरशी जोडून देतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-संजीवनीने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला, आणि त्यांतला फार मोठा वाटा या दुसऱ्या प्रकारचा होता. लोकांनी कौल दिलेला आहे. आपल्या योजनेने मात्र मुख्यतः पहिल्याच प्रकारावर भिस्त ठेवली.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या खात्यालाही हाच प्रश्न पडला होता. तिथेही डोंगराळ राज्यांत रेंज नाही, दवाखाने दूर. त्यांनी माजी सैनिकांच्या संघटनांच्या सभागृहांत बंद खोल्या करून तिथे दूरसल्ल्याची यंत्रे बसवली. मोंटानामधल्या युरेका नावाच्या छोट्या गावात 'व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स' या संघटनेच्या जागेत अशी खोली झाली. ज्यांच्याकडे साधन नाही त्यांना टॅब्लेट उसने दिले. त्यांच्याइतका पैसा आपल्याकडे नाही, मान्य. पण खोली द्यायला फार पैसा लागत नाही, आणि माजी सैनिकांच्या संघटना आमच्याकडेही तालुक्या-तालुक्यांत आहेत.

मनाच्या आजाराबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण त्याबद्दल आम्ही आपसांतही बोलत नाही. १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या ए.एफ.एम.सी.मध्ये, म्हणजे सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात, सशस्त्र दलांच्या लाभार्थ्यांसाठी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक. आमच्या जिल्ह्यापासून तीन तासांच्या अंतरावर इतके चांगले काम उभे राहिले, आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी क्वचित कुणाला तो क्रमांक ठाऊक असतो. श्रीलंकेत गेलेले, कारगिलला असलेले, काश्मीरमध्ये वर्षानुवर्षे रात्रीच्या गस्ती केलेले लोक गावात आहेत. रात्री दचकून उठणारा माणूस 'झोप लागत नाही' म्हणतो. दारू वाढलेला माणूस काहीच म्हणत नाही, त्याची बायको सांगते. गावच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे जाताना कुणी पाहिले तर काय, ही भीती असते. या एका आजारात फोनवरचा सल्ला प्रत्यक्ष भेटीपेक्षाही सोयीचा ठरू शकतो. फक्त फोन उचलणारा मराठी बोलावा, आणि जमल्यास त्याने फौज आतून पाहिलेली असावी. 'एल.ओ.सी.वर होतो' म्हटल्यावर ज्याला पुढचे समजावून सांगावे लागत नाही, त्याच्याशी माणूस बोलू लागतो. तो क्रमांक प्रत्येक कॅन्टीनच्या भिंतीवर, प्रत्येक औषधाच्या पाकिटावर मराठीत छापला तर खर्च किती येईल?

यंत्राच्या मर्यादाही मी जाणतो. पोटावर हात ठेवल्याशिवाय कळत नाही असे पुष्कळ असते. कृत्रिम पायाच्या आत घासलेली कातडी फोटोत दिसेल, पण पाय नीट बसतो की नाही हे पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्येच पाहावे लागेल. १९४४ पासून ते काम तिथे होते आहे, त्याला पर्याय नाही. छातीत कळ आलेल्या माणसाने पडद्यापुढे रांग लावू नये. दूरसल्ल्याच्या नावाखाली पॉलीक्लिनिकातल्या डॉक्टरांच्या जागा कमी झाल्या, तर आम्ही तो दूरसल्ला नको म्हणू. ज्यांना प्रत्यक्ष हाताची गरज आहे त्यांना डॉक्टरांचा वेळ मिळावा, म्हणून बाकीच्यांची फेरी वाचवायची आहे.

तेव्हा आमची मागणी अशी. प्रत्येक तालुक्याच्या गावी एक खोली. तिथे आठवड्यातून दोन दिवस, ठरल्या वारी, ठरल्या वेळी नर्सिंग असिस्टंट बसावा. बी.पी.चे यंत्र, साखर मोजायचे यंत्र, ऑक्सिजन मोजायचे यंत्र, ई.सी.जी., वजनकाटा, चांगला कॅमेरा आणि ऐकू कमी येणाऱ्यासाठी कानाला लावायचे हेडफोन, एवढी सामग्री. एक दिवस बायकांसाठी राखलेला असावा, त्या दिवशी इकडेही परिचारिका आणि पलीकडेही स्त्री डॉक्टर. माणसे शोधायला लांब जावे लागणार नाही. आर्मी मेडिकल कोअरमधून चाळिशीत निवृत्त झालेले, हाताला काम नसलेले नर्सिंग असिस्टंट या जिल्ह्यात आहेत. पॉलीक्लिनिकांत माजी सैनिक कंत्राटावर घेण्याची पद्धत योजनेत आहेच, ती तालुक्यापर्यंत आणावी. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून निवृत्त झालेल्या भगिनींनाही विचारावे.

पडद्यावर दर वेळी नवा डॉक्टर नको. एका तालुक्याला एक डॉक्टर नेमून द्यावा. निवृत्त लष्करी डॉक्टर पुण्यात मोठ्या संख्येने राहतात. आठवड्यातून दोन सकाळी त्यांच्याच घरून त्यांनी जामखेड सांभाळले, तर सहा महिन्यांत ते प्रत्येकाला नावाने ओळखू लागतील. जुने कागद आज प्लास्टिकच्या पिशवीत फिरतात. पावसाळ्यात ते भिजतात, जुन्या ई.सी.जी.ची शाई उडून जाते. ते एकदाच त्या खोलीत स्कॅन करून रुग्णाच्या नावावर ठेवावेत, म्हणजे डॉक्टर बदलला तरी इतिहास पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागणार नाही.

सुरुवात अकोले आणि जामखेड या दोन टोकांच्या तालुक्यांपासून करावी, अशी विनंती आहे. सहा महिने चालवून पाहावे. किती लोक आले, किती जणांची नगरची फेरी वाचली, किती जणांना वेळेवर पुढे पाठवता आले, औषध किती दिवसांत मिळाले, किती वेळा जोडणी तुटली, याचे आकडे जाहीर करावेत. चांगले निघाले तर उरलेल्या बारा तालुक्यांत न्यावे. वाईट निघाले तर का, तेही सांगावे. आम्ही समजून घेऊ.

आमच्या बाजूने काय देऊ शकतो तेही लिहितो. तालुक्याच्या माजी सैनिक संघटनांशी खोलीबद्दल बोलायची जबाबदारी मी घेतो. जिथे त्यांच्याकडे जागा नसेल तिथे ग्रामीण रुग्णालयात किंवा पंचायत समितीत एक खोली मिळावी, यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत आपण जिल्हाधिकाऱ्यांना लिहावे. कोणत्या गावात कोण अंथरुणाला खिळलेले आहे, कोण विधवा एकटी राहते, कुणाला ऐकू येत नाही, याची यादी गावोगावचे मेजर आठवडाभरात करून देतील. अशा यादीसाठी कुणाला पैसे लागणार नाहीत. सुरुवातीचे सहा महिने नर्सिंग असिस्टंट मिळेपर्यंत माझ्यासारखे काही जण विनावेतन बसायला तयार आहेत. फक्त आम्हाला तसा लेखी अधिकार आणि एकदा उजळणीचे प्रशिक्षण द्यावे. औषधांच्या आणि तपासणीच्या पद्धती आमच्या काळानंतर बदलल्या आहेत आणि जुन्या ज्ञानावर कुणाच्या जिवाशी खेळायची आमची इच्छा नाही.

पाहणीसाठी पुण्याच्या प्रादेशिक केंद्रातून कुणी अधिकारी येणार असतील तर पावसाळ्यात यावे, आणि अकोल्याच्या पुढे राजूर, कोतूळकडे यावे. आम्ही सोबत असू. पत्राचे उत्तर मराठीत पाठवावे, म्हणजे महिन्याच्या बैठकीत ते सगळ्यांसमोर वाचता येईल. बैठकीला येणाऱ्यांत बायका जास्त असतात.

आपला विश्वासू,
एक माजी नर्सिंग असिस्टंट, आर्मी मेडिकल कोअर
ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर